बाटलीवरचा रंगीत त्रिकोण

कीटकनाशकाच्या कोणत्याही बाटलीवर एक छोटी आकृती हटकून सापडते. कोपऱ्यावर उभा केलेला एक चौरस, मधोमध आडवी रेघ, आणि खालच्या त्रिकोणात एक रंग : लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा. कपाशीवर फवारायच्या द्रवाच्या बाटलीवर ती असते, तशीच झुरळे मारायच्या डब्यावर आणि डास पळवणाऱ्या यंत्रातल्या कुपीवरही असते. शेतातले आणि घरातले अशा दोन्ही कीटकनाशकांना आपल्या देशात एकच कायदा लागू आहे.

गंमत अशी, की बाटलीवर 'विष' असे छापलेले असले तरी बोलताना आपण त्याला 'औषध' म्हणतो. 'पऱ्हाटीवर औषध मारायचं आहे', 'कृषी केंद्रातून औषध आणलं' अशी वाक्ये यवतमाळच्या कोणत्याही गावात रोज कानावर पडतात. एकाच वस्तूला छापील भाषेत विष आणि बोलीत औषध म्हणायचे, या दोन शब्दांमधल्या अंतरात बरेच काही घडून गेले आहे. तो त्रिकोण आपल्याला नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे समजून घ्यायचे तर त्याचा इतिहास पाहायला हवा.

मारक मात्रा

विषाची तीव्रता मोजायची कशी? १९२७ साली ट्रेव्हन नावाच्या ब्रिटिश औषधशास्त्रज्ञाने यासाठी एक रीत सुचवली. त्याच्यापुढचा प्रश्न खरे तर औषधांचा होता. डिजिटॅलिस, इन्शुलिन यांसारखी औषधे निरनिराळ्या घाण्यांत तयार होत आणि प्रत्येक घाण्याचा जोर वेगळा भरे. जोर मोजण्यासाठी प्राण्यांना वेगवेगळ्या मात्रा देऊन पाहत. पण एखादा प्राणी थोड्या मात्रेने मरे, तर दुसरा बऱ्याच मात्रेनेही तगून राही. ट्रेव्हनने सांगितले की सगळ्यात चिवट किंवा सगळ्यात नाजूक प्राण्याकडे पाहू नका. ज्या मात्रेने निम्मे प्राणी मरतात, ती मात्रा धरा. तेच हे 'एल.डी. ५०' नावाचे माप. प्राण्याच्या दर किलोग्रॅम वजनामागे किती मिलीग्रॅम, असे ते सांगतात. आकडा जितका लहान, तितके विष जहाल.

पुढच्या दहा वर्षांत जर्मनीत एक नवी रसायने शोधली गेली. गेरहार्ट श्राडर हा रसायनशास्त्रज्ञ पिकांवरच्या किडींसाठी फॉस्फरसची सेंद्रिय संयुगे तयार करत होता. १९३६ च्या अखेरीस त्याच्या हाती एक अतिशय जहाल पदार्थ आला. काही दिवसांतच श्राडर आणि त्याचा मदतनीस या दोघांच्या डोळ्यांच्या बाहुल्या आकसल्या, दिसणे अंधूक झाले, श्वास कोंडू लागला. त्यांना बरे व्हायला काही आठवडे लागले. दोघांनीही तो पदार्थ प्याला नव्हता. प्रयोगशाळेत काम करतानाच तो त्यांच्या अंगात शिरला होता. हाच पदार्थ पुढे 'टॅबून' नावाचा युद्धातला विषारी वायू म्हणून ओळखला गेला. त्याच मालिकेतले पॅराथिऑन श्राडरने १९४४ साली तयार केले. युद्ध संपल्यावर ते जगभर शेतीसाठी विकले जाऊ लागले. आपल्याकडे आलेल्या त्याच्या एका बाटलीचे नाव होते 'फॉलिडॉल'.

एक गोष्ट इथे लक्षात ठेवू या. या जातीचे विष तोंडावाटे न घेताही माणसाला बाधते, हे ते शोधणाऱ्यालाच अगदी सुरुवातीला कळले होते.

केरळमधले पीठ

१९५८ च्या एप्रिल-मे महिन्यांत केरळमध्ये अनेक ठिकाणी माणसे अचानक आजारी पडू लागली. उलट्या, घाम, झटके आणि मृत्यू. शंभराहून अधिक माणसे दगावली. शोध घेतला तेव्हा कारण सापडले ते गव्हाच्या पिठात. ज्या जहाजातून खाण्याच्या वस्तू आल्या होत्या, त्याच जहाजात फॉलिडॉलही ठेवलेले होते. ते गळले आणि पोत्यांत मुरले.

या दुर्घटनेच्या चौकशीसाठी केंद्र सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शहा यांचा आयोग नेमला. (पुढे सरन्यायाधीश झालेले आणि आणीबाणीची चौकशी केलेले शहा ते हेच.) नंतर प्रा. एम. एस. ठक्कर यांच्या तज्ज्ञ समितीने या विषयाचा तपशीलवार अभ्यास केला. त्यातून १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम जन्माला आले. तोवर या विषांसाठी देशव्यापी असा स्वतंत्र कायदा नव्हता.

कायदा ज्या दुर्घटनेतून जन्मतो, तिचा ठसा त्याच्यावर राहतो. केरळमध्ये विष अन्नात मिसळले होते. म्हणून विष अन्नापासून वेगळे ठेवणे, बाटली पक्की असणे, तिच्यावर खूण असणे, विकणाऱ्याकडे परवाना असणे, या गोष्टींवर कायद्याचा भर पडला. तो स्वाभाविकच होता. बाटली कारखान्यातून निघून दुकानाच्या फळीवर येईपर्यंतचा तिचा प्रवास या कायद्याने बराच बांधून काढला.

चार रंग

रंगीत त्रिकोण हा याच नियमांचा भाग आहे. उंदरासारख्या प्रयोगातल्या प्राण्याला तोंडावाटे दिलेल्या विषाचे एल.डी. ५० जर १ ते ५० मिलीग्रॅम असेल, तर त्रिकोण लाल. वरच्या भागात कवटी-हाडांचे चित्र आणि 'विष' हा शब्द. ५१ ते ५०० असेल तर पिवळा. शब्द 'विष' हाच, पण कवटी नाही. ५०१ ते ५००० असेल तर निळा आणि शब्द 'धोका'. ५००० च्या वर असेल तर हिरवा आणि शब्द 'सावधान'. कातडीवाटे जाणाऱ्या विषासाठीही आकड्यांची अशीच वेगळी रांग नियमांत दिली आहे.

ही योजना करणारांनी विचार केला नव्हता असे म्हणता येणार नाही. वाचता न येणाऱ्यालाही रंग कळावा, हा हेतू चांगलाच होता. पण आपण विज्ञानाचे शिक्षक आहोत, तेव्हा मापाच्या मर्यादा पाहू या. हे माप एका पदार्थाचे आहे. ते एका वेळी दिलेल्या एका मात्रेचे आहे. ते मरण मोजते, आजारपण मोजत नाही. दोन-तीन औषधे एका पंपात मिसळली तर काय होईल, आज थोडे, उद्या थोडे असे महिनाभर अंगात गेले तर काय होईल, घामाने भिजलेल्या अंगावर पडले तर काय होईल, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या रंगात नाही.

याच नियमांत फवारणाऱ्या माणसाचा विचारही केलेला आढळतो. ३७ वा नियम सांगतो, की कीटकनाशके हाताळणाऱ्या किंवा फवारणाऱ्या व्यक्तीची कामावर घेण्यापूर्वी आणि नंतरही ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी व्हावी, आणि औषध सेंद्रिय फॉस्फरसचे असेल तर तिच्या रक्तातल्या कोलिनएस्टरेझचे प्रमाण दर महिन्याला मोजावे. पुढचे नियम संरक्षक कपडे, श्वसनाची साधने, प्रथमोपचार आणि प्रशिक्षण यांविषयी आहेत. नियम चांगले आहेत. पण ते कुणासाठी लिहिले आहेत, हे त्यातल्या 'कामावर घेण्यापूर्वी' या शब्दांवरून कळते. कारखाना किंवा फवारणीचा धंदा करणारी संस्था डोळ्यांपुढे ठेवून ते लिहिलेले आहेत. दोन एकर कोरडवाहू जमिनीत स्वतः पंप पाठीवर घेणाऱ्या शेतकऱ्याला कामावर कुणी घेतले? पंपामागे मजुरी ठरवून आज या शेतात, उद्या त्या शेतात फवारणाऱ्या मजुराचा मालक कोण? त्याचे रक्त दर महिन्याला तपासायचे कुणी?

कपाशी आणि तिची अळी

यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अरुंद मापाची रेल्वे, लोकांची लाडकी 'शकुंतला', विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधली गेली ती मुख्यतः इथला कापूस वाहून नेण्यासाठीच. कपाशीवरची गुलाबी बोंडअळीही आपल्याकडे जुनीच. १८४२ साली भडोचच्या कपाशीवर मिळालेल्या नमुन्यांवरून सॉन्डर्स या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने तिचे पहिले वर्णन केले. देशी कपाशी आणि ही अळी शंभर वर्षांहून अधिक काळ बरोबरीने नांदत होत्या.

१९७० साली गुजरातेत 'एच-४' हा संकरित वाण आला. कपाशीचा व्यापारी लागवडीसाठीचा तो जगातला पहिला संकर. संकरित कपाशीने उतारा वाढवला, तसाच खतांचा आणि फवारणीचा खर्चही वाढवला. पुढे एकेका औषधाला किडी सरावत गेल्या आणि नवनवी औषधे येत गेली. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली. बोंडअळीला मारणारे प्रथिन झाडातच तयार होत असल्यामुळे फवारणी कमी होईल, अशी अपेक्षा होती. सुरुवातीला बोंडअळीसाठीची फवारणी कमी झालीही. पण हे प्रथिन मावा, तुडतुडे, पांढरी माशी अशा रस शोषणाऱ्या किडींवर काही करत नाही. गुलाबी बोंडअळीही त्याला सरावली. गुजरातेत हे २०१० सालीच जाहीर झाले होते. मग झाडातले विषही आणि बाहेरून मारायचे विषही, अशी दुहेरी वेळ आली.

२०१७ चा पावसाळा

२०१७ च्या पावसाळ्यात जुलै-ऑगस्टपासून यवतमाळच्या सरकारी रुग्णालयात फवारणी करणारी माणसे येऊ लागली. मळमळ, घाम, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी. ऑक्टोबरपर्यंत त्यांची संख्या शेकड्यांत गेली. जिल्ह्यात २० च्या वर माणसे दगावली. त्यांत शेतकरी होते, तसेच फवारणीच्या मजुरीवर पोट असणारेही होते.

त्या वर्षी अनेक शेतांत कपाशी डोक्याइतकी वाढली होती. गुडघ्याएवढ्या झाडावर फवारताना थेंब जमिनीकडे जातात. डोक्याएवढ्या झाडावर फवारायला नळी वर धरावी लागते आणि थेंब तोंडावर, छातीवर, पाठीवर येतात. दमट हवा, वारा पडलेला, दाट ओळी. त्यातच बॅटरीवर चालणारे, अगदी बारीक थेंब उडवणारे पंप हाती आलेले.

थेंबाच्या आकाराने काय फरक पडतो? बारीक थेंब हवेतून पडताना त्याचा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. थेंबाचा व्यास निम्मा केला, तर तो चौपट सावकाश पडतो. मिलीमीटरच्या दहाव्या भागाएवढा थेंब माणसाच्या उंचीवरून सात-आठ सेकंदांत खाली येतो. त्याच्या पाचव्या भागाएवढा थेंब सुमारे अडीच मिनिटे हवेत तरंगतो. तेवढ्या वेळात फवारणारा माणूस त्या धुक्यातून चालत पुढे गेलेला असतो, आणि श्वासही घेत असतो.

आता शरीरात काय घडते ते पाहू. चेतापेशीकडून स्नायूकडे निरोप जातो तो असिटिलकोलीन नावाच्या रसायनावाटे. निरोप पोचला की ते लगेच मोडून टाकावे लागते, नाहीतर स्नायू आकसलेलाच राहील. हे मोडायचे काम कोलिनएस्टरेझ हे विकर करते, तेही सेकंदाला हजारो रेणू या वेगाने. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस ही सेंद्रिय फॉस्फरस औषधे या विकराला चिकटून त्याला निकामी करतात. मग बाहुल्या आकसतात, लाळ आणि घाम सुटतो, छाती भरते, स्नायू थरथरतात आणि शेवटी श्वास थांबतो. निकामी झालेले विकर शरीराला पुन्हा नव्याने तयार करावे लागते, त्याला आठवडे लागतात. म्हणून सोमवारच्या फवारणीने गेलेले विकर गुरुवारपर्यंत भरून येत नाही. गुरुवारची मात्रा लहान असली तरी ती आधीच रित्या झालेल्या शरीरावर पडते. एका वेळच्या एका मात्रेवर आधारलेल्या रंगात ही बेरीज दिसत नाही.

म्हणूनच तर ३७ व्या नियमाने दर महिन्याला विकर मोजायला सांगितले होते. लक्षणे दिसण्याआधी ही तपासणी धोका सांगते. नियम होऊन ४६ वर्षे झाली होती. पण शेकडो रुग्ण दाखल होत असताना यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात या तपासणीची सोय नव्हती. डॉक्टर लक्षणे पाहून अॅट्रोपिनचे उपचार करत होते. त्यातच अनेकांनी दोन-तीन औषधे मिसळून फवारलेली. काहींच्या पंपात डायफेनथियुरॉन होते. ते सेंद्रिय फॉस्फरसच्या जातीचे नाही. ते पेशीतल्या ऊर्जानिर्मितीवर घाव घालते आणि त्यावर खास असा उतारा नाही.

साठ दिवसांची बंदी

राज्य शासनाने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले. नोव्हेंबर २०१७ मध्ये पश्चिम विदर्भातल्या पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर बंदी आली, पण ६० दिवसांपुरती. १९६८ च्या कायद्याने राज्याला दिलेला अधिकार तात्पुरत्या बंदीपुरताच होता. कायमची बंदी फक्त केंद्र घालू शकते. आणि नोव्हेंबरपर्यंत त्या हंगामातली बहुतेक फवारणी उरकलेली होती.

या पाचांतले मोनोक्रोटोफॉस तर जुने ओळखीचे. भाजीपाल्यावर वापरायला त्याला २००५ सालापासून मनाई होती. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली भारतातल्या त्याच्या दुष्परिणामांचा आढावा घेऊन ते बंद करण्याचा विचार व्हावा असे सुचवले होते. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधल्या सारण जिल्ह्यात धर्मासती गंडामन या गावच्या शाळेत मध्यान्ह भोजनानंतर २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडले. केरळच्या पिठानंतर ५५ वर्षांनी पुन्हा विष अन्नात मिसळले होते, आणि या वेळी शाळेच्या ताटात. तरीही २०१७ साली ते कपाशीसाठी दुकानात मिळत होते. केंद्राने त्याचे ३६ टक्के द्रवरूप टप्प्याने बंद करण्याचा आदेश काढला तो २०२३ साली.

डायफेनथियुरॉनची गोष्ट आणखी दूर जाते. युरोपीय संघात आणि स्वित्झर्लंडमध्ये त्याचा वापर २०१७ च्या बराच आधी बंद झाला होता. यवतमाळच्या ५१ शेतकरी कुटुंबांच्या वतीने २०२० साली स्वित्झर्लंडमध्ये तक्रार दाखल झाली. दोन विधवा आणि एक बचावलेला शेतकरी यांनी तिथे भरपाईचा दावाही मांडला. आपल्या उत्पादनामुळे हे घडल्याचे कंपनीने नाकारले. १ जानेवारी २०२१ पासून स्वित्झर्लंडने डायफेनथियुरॉन आणि प्रोफेनोफॉस यांच्यासह पाच कीटकनाशकांच्या निर्यातीवर बंदी घातली. दरम्यान आपल्याकडे १९६८ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा आणण्यासाठी २००८ आणि २०२० साली राज्यसभेत विधेयके मांडली गेली.

हा सगळा इतिहास एकत्र पाहिला तर एक गोष्ट दिसते. आपल्या धोरणाने बाटलीकडे नीट लक्ष दिले. बाटली उघडल्यावर काय होते, पंप कसला, झाड केवढे, हवा कशी, फवारणारा कोण आणि आठवड्यातून कितीदा, हे मात्र त्याने फवारणाऱ्यावरच सोडले. मग दुर्घटना झाली की 'हातमोजे का घातले नाहीत?' हा प्रश्न त्यालाच विचारला जातो. ऑगस्टच्या उकाड्यात रबरी पोशाख घालून दिवसभर काम करता येते का, हे कुणी विचारत नाही. धोका कमी करण्याचा पहिला उपाय म्हणजे जहाल विष दुकानातच न येणे. दुसरा, सुरक्षित पंप आणि रक्ततपासणी. हातमोजे आणि मुखपट्टी यांचा क्रम त्यानंतरचा आहे.

वर्गात काय करता येईल?

शेतातल्या औषधाच्या बाटल्या, रिकाम्या असल्या तरी, मुलांना शाळेत आणायला सांगू नका. त्याऐवजी घरातल्या डास-झुरळांच्या औषधावरचा त्रिकोण मोठ्या माणसांच्या मदतीने, हात न लावता पाहायला सांगा. रंग कोणता, शब्द कोणता, सूचना किती भाषांत आहेत आणि अक्षरे केवढी, याची नोंद करून आणू द्या. हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोक नव्हे, हे त्या निमित्ताने सांगता येईल.

दुसरा प्रयोग थेंबांचा. कधीही विषासाठी न वापरलेला, नवा हातफवारा घ्या. त्यात कपड्यांच्या निळीचे फिकट पाणी भरा. एका मुलाला जुना पांढरा सदरा घालायला द्या आणि डोळ्यांवर चष्मा. आधी गुडघ्याएवढ्या झुडपावर फवारत दहा पावले चालू द्या, मग सदरा बदलून डोक्याएवढ्या झुडपावर. दोन्ही सदरे शेजारी शेजारी दोरीवर टाका आणि छाती, बाह्या, गळपट्टी, पाठ अशा भागांवरचे निळे ठिपके मोजा. फवाऱ्याचे तोंड फिरवून थेंब बारीक केले तर काय बदलते, तेही पाहा. ठिपके मोजून झाले की वर्गाला विचारा : हे निळीचे पाणी नसते, तर बाटलीवरच्या त्रिकोणाने या सदऱ्याबद्दल काय सांगितले असते? मुलांच्या घरी फवारणीचा हंगाम चालू असेल, तर या तासाची चर्चा संध्याकाळी त्या घरांपर्यंत पोचेल.